यादी कोणी लिहिली?

जगात कोणी सुखी, कोणी दुःखी. मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या या आक्षेपाला शंकराचार्य पावसाचं उत्तर देतात. पाऊस सगळीकडे सारखाच. भात उगवतो की जव, हे बियाण्यावर. बी म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. कॉलेजात हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण घडताना पाहिलं ते भाच्याच्या संगणकावर.

तो ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या १९९९ सालच्या खेळाचे नकाशे बनवतो. त्यात ‘ट्रिगर’ असतात: अमुक चौकोनात घोडेस्वार आला, तर तमुक घडेल. भाच्याला वीस बाय वीसचं शापित मैदान हवं होतं. कुठे पाय पडला की मरण, कुठे सोनं. म्हणजे ४०० ट्रिगर. दर वेळी तीच खिडकी, तेच रकाने. कंटाळून त्यानं पायथॉनमध्ये दहा-बारा ओळी लिहिल्या आणि शेजारी एक यादी ठेवली: चौकोन आणि त्याचं फळ. ४०० ट्रिगर आपोआप तयार.

त्या ओळींना कोणाशी वैर नाही, कोणाचा लोभ नाही. भेद आला तो यादीतून. एकेक ट्रिगर हातानं भरला असता, तर प्रत्येक मरणावर भाच्याची सही दिसली असती.

पण यादीही त्याचीच! सूत्रकार हेही जाणतात. आरंभी कर्मच नव्हतं, तर पहिला भेद कुठला? उत्तर: संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाहीच. मला ही नेहमी पळवाट वाटायची. भाच्याच्या यादीच्या फाइलीवर मात्र तारीख असते, म्हणजे तिला आरंभ असतो. ती पाहिल्यावर कळलं, अनादित्व काढलं तर पावसाचा दृष्टांत उभाच राहत नाही.

भाचा म्हणाला, “मावशी, यादी मी लिहायचीच नाही. आधीच्या डावात खेळाडू जसा वागला, तशी ती बनेल.”

“आणि पहिल्या डावाला?”

“सगळीकडे शून्य.”

शून्य सर्वांना सारखं, मान्य. पण त्याच डावात एक जण गाव जाळतो, दुसरा राखतो. तो फरक कुठून येतो? भाच्याच्या मते खेळाडूकडून, आणि खेळाडू नकाशाबाहेर बसलेला. आचार्यांना ही सोय नाही. अद्वैतात नकाशाबाहेर जो आहे तो अकर्ता. माउसला तो हातच लावत नाही.