पहिल्या दिवसाचें ओझें

(उत्पत्ति 33:12–14)



एसाव याकोबास म्हणाला, चल, आपण बरोबरच जाऊं. याकोबानें नम्रपणें नकार दिला. मुलें कोवळीं आहेत, दूध पाजणारीं जनावरें बरोबर आहेत, त्यांस एक दिवस जरी फार दामटलें तरी सगळा कळप मरेल, म्हणून मी त्यांच्या चालीनें मागून येईन, असें तो बोलला. चारशें माणसें घेऊन आलेल्या भावासमोर असें बोलणें सोपें नव्हतें.

आपल्या ऊसपट्ट्यांत हें वचन दर हंगामांत आठवतें. नवा ट्रॅक्टर दारांत येतो, प्रार्थना होते, पेढे वाटतात, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यामागें उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडल्या जातात. कारण कर्जाचा हप्ता थांबत नाहीं. लोखंडाला कसला आला कोवळेपणा, असें मालकास वाटतें. पण नव्या इंजिनांत सिलिंडरच्या आंतील भिंतीवर कारखान्यांत मुद्दाम बारीक तिरप्या रेघा काढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर हळूहळू घासून भिंतीशीं नीट बसतात. मागच्या आंसाच्या गिअरचे दांतही असेच जुळतात. या घासणींत धातूचा चुरा तेलांत उतरतो. म्हणून ट्रॅक्टरचें पहिलें तेल बहुधा 50 तासांच्या सुमारास बदलतात. जुळणी होण्यापूर्वींच पूर्ण भार पडला, तर उष्णता वाढते, धातू ओरखडतो, आणि तें यंत्र पुढें जन्मभर तेल खात राहतें.

अमेरिकेंतील शेतकरी पिकअप ट्रकमागें गुरांचा गाडा ओढतात. तेथील कित्येक कारखाने आपल्या पुस्तिकेंत सांगतात कीं, पहिले 500 मैल, म्हणजे सुमारें 800 किलोमीटर, मागें कांहींच जोडूं नये. आणि ओझें जोडल्यावरही पहिले 500 मैल ताशीं 50 मैलांच्या वर जाऊं नये.

आतां मंडळीकडे पाहा. एक तरुण बाप्तिस्मा घेतो. गळा गोड, वाचन स्वच्छ. वर्ष भरण्याच्या आंत आपण त्यास पंच करतों, दानपेटीची किल्ली देतों, शेजारच्या गांवीं उपदेशास पाठवितों. मग भावकींत भांडण होतें, हिशेबांत चूक निघते, आणि तो उपासनेस येईनासा होतो. त्याचा विश्वासच कच्चा होता, असें आपण म्हणतों. ट्रॉल्या कोणीं जोडल्या हें विचारीत नाहीं. हें मी दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. मीं स्वतः एकावर असें ओझें घातलें, व तो आज मला पाहून वाट बदलतो.

नवशिक्यास अध्यक्ष करूं नये, तो गर्वानें फुगून पडेल, असें तीमथ्यास बजाविलें आहे (1 तीमथ्य 3:6). खुद्द पौलही पाचारणानंतर आधीं अरबस्थानांत गेला. यरुशलेमास तो तीन वर्षांनीं गेला (गलती 1:17–18). कोणी म्हणेल, ज्या दोन गाईंवर कधीं जूं ठेवलें नव्हतें त्यांनींच कराराचा कोश सरळ बेथ-शेमेशास नेला (1 शमुवेल 6). खरें आहे, पण तें चिन्ह होतें, आणि चिन्हाच्या भरंवशावर कोणी शेती करीत नाहीं. शिवाय त्या गाईंचें पुढें काय झालें तेंही त्याच अध्यायांत वाचावें.

मात्र याचा उलटा अर्थ करूं नका. नवें इंजिन एका जागीं उभें करून भाराशिवाय तासन्‌तास चालू ठेवलें, तर तेंही बिघडतें. भिंत कांचेसारखी गुळगुळीत होते व रिंगा नीट बसत नाहींत. म्हणून जाणता मनुष्य आधीं हलकी ट्रॉली जोडतो, कधीं हळू, कधीं थोडें वेगानें चालवितो, मधून उतरून पाहतो. नव्या बंधूस मागच्या सतरंजीवर वर्षानुवर्षें नुसतें बसवून ठेवणें हेंही त्याचें नुकसानच आहे. आजाऱ्याच्या घरीं जातांना त्यास बरोबर न्या. रविवारीं एक अध्याय वाचावयास द्या. दान मोजतांना जुन्या पंचाशेजारीं बसवा; किल्ली मात्र यंदा देऊं नका.