अंगठी कुणाची, लाख कुणाची

आमच्या मिलच्या गेटवर पत्र्याचा एक डबा आहे. आत शिरताना अंगठी, कडं, गंडा, जे हातात असेल ते काढून त्यात टाकायचं. रोलमधून पत्रा सणसणत जात असतो. अंगठी अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. बोट राहिलं तर नशीब. म्हणून डबा.

त्या डब्यात काय पडतं ते मी रोज बघतो. सगळ्यात जास्त राजमुद्रेच्या अंगठ्या. चांदीच्या, पितळेच्या, एखादी सोन्याची. एकीवर घराण्याचं नाव, वर दोन तलवारी, मधे ढाल. ही बनवून घेतलेली, ऑर्डर देऊन. डब्यात पडल्या की सगळ्या सारख्याच खुळखुळतात. शिफ्ट सुटली की बोटात जातात, आणि मग गेटबाहेर पाटील पाटील होतो, इनामदार इनामदार होतो, आणि आपण जे आहोत ते होतो.

माझा एक दोस्त आहे. वस्तीतलाच. ठेकेदाराकडं, माझ्याच शिफ्टला. दोन महिन्यांनी त्याचं लग्न आहे. एक दिवस डब्याजवळ थांबून म्हणाला, "आपल्या घराण्याचं चिन्ह काय रं? तू कविता करतोस. एक काढून दे. आजीच्या कानातली फुलं मोडतो आणि अंगठी करतो."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "हसायला काय झालं? त्यांना बाप आहे, आपल्याला नव्हता का?"

मित्रहो, हा प्रश्न महिना झाला माझ्या घशात अडकलाय. आपण चिन्ह मागावं का? मागणं चूक आहे का? की न मागणं हीच जुनी लाचारी आहे? म्हणून हे लिहितोय.

आधी ही चीज काय आहे ते बघू. मोहोरेची अंगठी म्हणजे दागिना नव्हे, हत्यार आहे. तिच्यावर अक्षरं उलटी कोरतात, कागदावर किंवा लाखेवर दाबली की सुलटी उमटावीत म्हणून. जो दाबतो तो हुकूम देतो. ज्याच्यावर दाबतात ती लाख. लाखेला आधी तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर ती ठसा घेत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मराठी राज्यात पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. मोर्तब म्हणजे मजकूर संपला, आता खाली कुणी एक ओळ घुसडू नये. शिवाजीराजांची मुद्रा अष्टकोनी आणि संस्कृतात. शहाजीच्या मुलाची ही मुद्रा प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढणारी आहे आणि लोकांच्या भल्यासाठी आहे, असा तिचा अर्थ. २०२२ साली नौदलाचा नवा ध्वज आला, त्यावरचा अष्टकोन याच मुद्रेवरून घेतला. म्हणजे ती एका आडनावाची राहिली नाही. पण आज चौकात ती बोटात घालून कुणी कॉलर ताठ करतो, तेव्हा ती भल्याची मुद्रा कुणाच्या तरी छातीवर रोखलेली असते. तो मुद्रा उलटीच वाचतो. जशी कोरलीय तशी वाचतो, जशी उमटायला हवी तशी नाही.

आता गावाकडं या. जुन्या वतनी कागदांवर पाटील सही करत नसे, नांगराची निशाणी करी. बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करत. बघायला किती छान! प्रत्येकाला आपलं चित्र. पण नीट बघा. पाटलाचा नांगर त्याचा मान होता. खालच्याचं हत्यार म्हणजे त्याची जन्मठेप होती. हेच काम तुझ्या बापानं केलं, तूच करशील, तुझं पोरगंही करील. विलायतेत घराण्याचं चिन्ह म्हणजे हक्क. आपल्याकडं जातीचं चिन्ह म्हणजे खुंटा.

आणि आपल्याला चिन्ह नव्हतं असं कोण म्हणतो? भरपूर होती! मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. चांडाळाचे दागिने लोखंडाचे असावेत, आणि तो राजाच्या हुकमानं ठरलेली खूण अंगावर घेऊन फिरावा, असं त्यात आहे. धातू त्यांनी ठरवला, ठसा त्यांनी ठरवला. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या पुस्तकात लिहिलं, की पेशवाईत अस्पृश्यानं मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, चुकूनही कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून. तो दोरा हेच आपलं घराण्याचं चिन्ह. ऑर्डर दुसऱ्यानं दिली, घडणावळ आपण फेडली.

म्हणजे अंगठी त्यांची होती. लाख आपण होतो. तापवायला भूक होतीच.

पण थांबा. दोष सगळा त्यांच्या पदरात घालून मोकळं होता येत नाही. माझा आजा सांगायचा, बेदरच्या बादशहानं अमृतनाकाला सनद दिली, महारांना बावन्न हक्क दिले. सांगताना त्याची मान ताठ व्हायची. ती दंतकथा आपल्या घराघरात होती. आणि त्या हक्कांत काय होतं? मेलेल्या ढोरावरचा हक्क. मढ्यावरच्या कापडाचा हक्क. दारोदार भाकरीचा हक्क. त्या भाकरीला आपण वतन म्हणालो. आपण आपल्या बेडीवर सनदेचा शिक्का मारून घेतला आणि ती मिरवली.

बाबासाहेबांना हे दिसलं. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. विरोध बाहेरचे करणारच होते. पण वतन जाईल म्हणून आपल्यातलेही कितीतरी जण कळवळले. भाकरी जाईल एवढंच भय नव्हतं. मान जाईल हे भय होतं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली. तीस वर्षं! मला वाटतं, गुलामाला बेडीपेक्षा बेडीवरची नक्षी सोडणं जड जातं.

हे सगळं मी दोस्ताला सांगितलं. कॅन्टीनमागं, रात्रपाळीच्या चहाला. तो ऐकत होता. मग म्हणाला, "झालं तुझं? म्हणजे सगळ्या जगानं सोनं घालायचं आणि आपण तेवढा विचार घालायचा?"

मला गप्प बसावं लागलं. कारण त्याचं खरं आहे. गरिबाला त्याग शिकवणारे सगळे पोट भरलेले असतात. साधेपणा हा ज्यानं निवडला त्याचा गुण, ज्याच्यावर लादला त्याची शिक्षा. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आपल्या बायांना काय म्हणाले? अंगावरचे ते जड, जातीची ओळख सांगणारे दागिने टाकून द्या. लुगडं नीट नेसा. ते नटण्याच्या विरोधात नव्हते, खुणेच्या विरोधात होते. स्वतः ते सूट घालून उभे राहिले, आणि त्या सुटानं आपल्या बापांच्या पाठीचा कणा सरळ केला. तो सूटही चिन्हच होता की!

तेव्हा अंगठी पाप नाही. हे मी मान्य केलं. प्रश्न एवढाच की तिच्यावर काय कोरायचं.

दोस्त म्हणाला, "ढाल-तलवार. त्यांच्यासारखी."

त्यांच्यासारखी म्हणजे कुणासारखी? ढालीवरच्या या चिन्हांचा धंदाच बघा. लंडनला १४८४ पासून एक दफ्तर आहे, कुणाच्या ढालीवर काय असावं ते नोंदवणारं. तिथल्या नियमानं चिन्ह माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला मिळत नाही. तरी जगभर आडनावावर चिन्हं काढून देणारी दुकानं जोरात चालतात. आपल्याकडं १८७७ ला दिल्लीत दरबार भरला, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायला. तेव्हा राजेरजवाड्यांना विलायती धाटणीची चिन्हं असलेले झेंडे वाटले. ती चिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या गोऱ्या अंमलदारानं काढली. साहेबानं कागदावर काढली, राजांनी मान तुकवून घेतली, आणि नातवंडांना ती पिढीजात वाटली. १९७१ ला तनखे गेले, चिन्हं राहिली. हॉटेलच्या पाट्यांवर.

जुनं म्हणून जे मिरवतात त्यातलं बरंच असं ऑर्डरीचं असतं. मग आपण ऑर्डर द्यायला कुणाची हरकत? कुणाचीच नाही. पण खोट्या जुन्याची नक्कल करून आपण खरे कसे होऊ? ढाल-तलवार काढली की तिला एक खालचा लागतो. ज्याच्यावर उगारायची तो. आपल्या खाली कोण? शोधला तर सापडतो, हेच भय आहे. आपल्याहून खालच्या म्हटलेल्या जातीच्या घरचं पाणी आपल्या किती घरांत चालत नव्हतं, ते आपण आपल्या तोंडानं बोलावं.

तो म्हणाला, "मग कोरेगावचा खांब कोरू?"

हा मात्र मला भिडला. आम्ही दोघं दर एक जानेवारीला जातो. चाकणहून शिक्रापूर, तिथून पुण्याच्या बाजूला वळलं की भीमा कोरेगाव. त्या खांबावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. त्यात नाक शेवटी असलेली नावं आपली. १९२७ च्या एक जानेवारीला बाबासाहेब तिथं उभे राहिले. १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच खांब होता. पुढं तो काढून खंजीर आला.

त्या खांबावर घराणं नाही, माणसं आहेत. त्यांनी काही केलं म्हणून ती तिथं आहेत. कुणाच्या पोटी आले म्हणून नाहीत. हा फरक मोठा आहे. तरी मी दोस्ताला म्हणालो, खांब त्यांचा आहे. तू आणि मी तिथं उभं राहायचं. बोटात घालून फिरायला आपण तिथं काय केलं? पूर्वजाचं शौर्य पेन्शनसारखं खाल्लं की तेही वतनच होतं.

एक परकं उदाहरण सांगतो. रोमच्या पोपला एक अंगठी असते. तिच्यावर जाळं टाकणारा कोळी, त्यांचा पहिला गुरू पीटर, कारण तो कोळी होता. पोप गेला की ती अंगठी मोडतात किंवा तिच्यावर ओरखडे काढून रद्द करतात, कुणी खोटा कागद करू नये म्हणून. ती पुतण्याला जात नाही, वंशाला जात नाही. मला त्या धर्माशी घेणं नाही. पण चिन्हावर कष्टकऱ्याचं चित्र, आणि माणूस संपला की चिन्ह संपलं, हे मला पटतं. ती रक्ताची निशाणी नाही, कामाची आहे.

आता माझी स्वतःची निशाणी सांगतो. आजा अंगठा उठवायचा. सावकाराच्या वहीत त्याचे निळे अंगठे होते. बंगालात १८५८ साली हर्शेल नावाच्या इंग्रज अंमलदारानं कराराच्या कागदावर हाताचा ठसा घ्यायला सुरुवात केली. सही करणाऱ्यानं नंतर ना म्हणू नये म्हणून. मी सही करतो, वाचतो, लिहितो. तरी रोज सकाळी माझं बोट मशीनवर ठेवतो, हजेरीसाठी. मागच्या पावसाळ्यात मशीन मला ओळखेना. तेल आणि पत्र्यानं बोटाच्या रेघा झिजल्या होत्या. चार वेळा बोट पुसलं, चार वेळा लाल दिवा. सुपरवायझर म्हणाला, मशीनमध्ये नाहीस म्हणजे कामावर नाहीस. आठ तास काम केलं, अर्धा दिवस कापला.

त्या रात्री मी बोटाकडं बघत बसलो. प्रत्येक माणसाला निसर्गानं एक मुद्रा दिलीय, सारखी दुसऱ्याला नाही. बापाची मुलाला मिळत नाही. तिच्यात वर नाही, खाली नाही. आणि तीही कामानं पुसून घेतली. भावांनो, चिन्ह कोरायची गोष्ट करतो तेव्हा आधी हे पुसलं जाणं थांबवायचं की नाही?

मग मी दोस्ताला माझी कसोटी सांगितली. ज्या चिन्हाला उभं राहायला कुणीतरी खाली लागतो, ते आपलं नव्हे. जे चिन्ह कुणीही आपल्या करणीनं उचलू शकतो, ते आपलं. अशोकाचे सिंह २६ जानेवारी १९५० ला देशाची मुद्रा झाले, चक्र त्याआधीच झेंड्यावर आलं. आणि घटनेचं सतरावं कलम अस्पृश्यता संपवतं, त्याला लागूनच अठरावं कलम किताब संपवतं. सैन्यातले आणि विद्येचे तेवढे ठेवले, म्हणजे मिळवलेले. दोन कलमं शेजारी आहेत, आणि ते बरोबरच आहे. वरचा किताब आणि खालचा विटाळ एकाच साच्यातून निघतात. एक मोडला की दुसराही मोडावा लागतो.

दोस्त बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुझ्या कवितेखाली तू नाव का छापतोस मग? ती मोहोर नव्हे?"

बरोबर टाळक्यात बसलं. नाव मी मिरवण्यासाठी छापत नाही, असं म्हणणार होतो. पण खोटं बोलवेना. पहिल्यांदा नाव छापून आलं तेव्हा मी तो कागद महिनाभर खिशात घेऊन फिरलो होतो.

तरी विचार करून सांगतो. नाव छापतो कारण त्या ओळींचा जाब मला विचारता यावा. चूक लिहिलं तर कॉलर माझी धरावी. मुद्रेचा पहिला अर्थ हाच होता. हा शब्द माझा, याला मी बांधलेला. मिरवणं मागून आलं. तेव्हा दोस्ता, अंगठी कर. पण तिच्यावर असं काही कोर, की ज्याचा जाब तुला विचारता येईल. बायकोला दिलेला शब्द कोर, पोरीला शिकवीन म्हणून कोर. आजीच्या कानातलं मोडून तिच्या बोडक्या कानांसमोर मिरवायची असेल, तर ठसा आजीवर उमटतोय, हे आधी तिला विचार.

त्यानं अजून ठरवलेलं नाही. फुलं आजीच्या कानातच आहेत. लग्नाला तीन आठवडे राहिलेत. मी कागद घेऊन बसतो, पेन्सिल टेकवतो, आणि काही काढत नाही.

तुमच्यापैकी कुणाला काय वाटतं ते कळवा. मी चुकत असेन तर तसं सांगा. खाली नाव आहेच.

जयभीम.