आधी पैसा, मग गुरे, मग जमीन



उत्पत्तीच्या 47 व्या अध्यायातील दुष्काळ आपणा उमापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. मिसर देशातील लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे, शेवटी जमीन आणि स्वतःचे शरीर. आपल्याकडे क्रम हाच. 1972 साली सुकडी खाऊन खडी फोडली, 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले. विहीर आटली की दावण रिकामी होते, जमीन गहाण पडते आणि दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको 'कोयता' होतात. (माणसाला हत्याराच्या नावाने मोजणे आम्हाला खटकते.)

योसेफाने लोकांना जगवले, पण जमीन फारोची झाली. पवित्र शास्त्र हे लपवत नाही. पुढे लेवीय 25 मध्ये देव जमीन आपली म्हणतो, ती कायमची विकू देत नाही. भाऊ कंगाल झाला तर जवळच्या आप्ताने ती सोडवावी. हा आप्त केवळ चुलता नव्हे. ज्यांच्या बोअरला अजून पाणी आहे, त्यांनी शेजाऱ्याचे शेत स्वस्तात लिहून घेण्याआधी हा अध्याय घरी वाचावा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले शाळेसाठी मागे कोणाच्या घरी राहतील, हे आज मिस्सेनंतर बसून ठरवू.