कपाट कोणी भरले?

न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत चित्रांचे पुस्तक चाळीत बसलेल्या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारले, यात नेहमी गोरीच मुले का असतात? नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली अमेरिकेतील बालपुस्तकांवर जो लेख लिहिला, त्याचा आरंभ या प्रश्नाने झाला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ पुस्तकांचा हिशेब त्यांनी मांडला. त्यांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत, मजकुरात वा चित्रात, कृष्णवर्णीय माणूस होता.

येथे अपराध कोणाचा, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. गोऱ्या मुलाची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाने कोणाचे काय बिघडविले? तो आपल्या ओळखीच्या मुलाविषयी लिहितो, आणि कदाचित उत्तम लिहितो. एकेक पुस्तक हाती घ्यावे तर ते निर्दोष ठरते. पाच हजार पुस्तके एका कपाटात लावली की मात्र ते कपाटच त्या मुलीला सांगू लागते, की गोष्टीत तुला जागा नाही. म्हणून आम्हांस वाटते, हे उत्तरदायित्व एकट्या लेखकावर टाकता येणार नाही. ते कपाट भरणाऱ्यांचे आहे: प्रकाशकांचे, शाळांचे, ग्रंथपालांचे, आणि मुलांसाठी पुस्तके विकत घेणाऱ्या आईबापांचेही.

मग दुसऱ्याच्या मुलाची गोष्ट आपण लिहावी काय? एझ्रा जॅक कीट्स हे पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांचे पुत्र. ज्यूद्वेषाच्या झळा टाळण्यासाठी १९४७ साली त्यांनी आपले नाव बदलले. १९४० साली एका नियतकालिकात आलेली एका कृष्णवर्णीय मुलाची छायाचित्रे त्यांनी वीसएक वर्षे जपून ठेवली होती. त्यांतूनच १९६२ साली ‘द स्नोई डे’मधला पीटर जन्मास आला: बर्फात पावले उमटवीत हिंडणारा, तांबड्या पोशाखातला मुलगा. पुढल्या वर्षी पुस्तकास कॅल्डिकॉट पदक मिळाले. तरीही लॅरिकबाईंनी त्यातील आईच्या चित्रावर आक्षेप घेतलाच. तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. परक्याच्या नजरेतून काही गोष्टी निसटतातच. पण न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० साली आपल्या १२५ वर्षांची नोंद जाहीर केली, तेव्हा सर्वांत अधिक वेळा, ४,८५,५८३ वेळा, वाचकांनी घरी नेलेले पुस्तक हेच निघाले. इतक्या घरांतली सगळीच मुले पीटरच्या रंगाची नसणार.

तथापि एका कीट्सवर समाधान मानता येत नाही. १९८५ साली विस्कॉन्सिनमधील बालपुस्तक केंद्राने मोजणी केली, तेव्हा सुमारे २,५०० नव्या पुस्तकांत कृष्णवर्णीयांनी स्वतः निर्मिलेली पुस्तके १८ भरली. रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली पुस्तकांना आरसा आणि खिडकी म्हटले. आरसा मागावयास कोणी शिकवावे लागत नाही. खिडकीची आठवण मात्र करून द्यावी लागते. ज्या मुलाला जिकडेतिकडे आपलाच चेहरा दिसतो, त्याला स्वतःच्या मोठेपणाचा भलता भास होतो, हेही बाईंनी त्याच लेखात सांगितले आहे.

मराठी गोष्टीत चर्चला जाणारे मूल क्वचितच भेटते, ही आमची जुनी तक्रार, आणि ती रास्तही आहे. हे लिहावयास बसण्यापूर्वी आम्ही आमच्याच घरातील मुलांचे कपाट उघडले. नाताळच्या गोष्टी पुष्कळ निघाल्या. जवळच्या पाड्यावरील वारली मुलाची एकही निघाली नाही.