जोखमीचे गरोदरपण आणि भरले घर : काही शंका, काही समाधान

गरोदरपणात रक्तदाब १४०/९० च्या वर जाणे, हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली उतरणे, वार खाली असणे, जुळे, मधुमेह, आधीचे सिझर, पस्तिशी उलटलेली असणे, चार-पाच बाळंतपणे होऊन गेलेली असणे, यांपैकी एखादी गोष्ट आढळली की ती माता जोखमीची मानली जाते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी होते आणि अशा मातेच्या कार्डावर लाल खूण केली जाते.

अलिबागहून रेवदंड्यामार्गे कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई लागते. माउंट कार्मेल मातेचे चर्च आणि घराघरांत आजही बोलली जाणारी पोर्तुगीज वळणाची बोली ही या गावाची ओळख. १७४० मध्ये पोर्तुगीज चौलहून गेले, पण त्यांनी आणलेला धर्म आणि बोली इथेच राहिली. इथल्या आणि अलिबाग परिसरातल्या इतर कॅथलिक कुटुंबांचा मुंबईच्या महाधर्मप्रांतात समावेश होतो. एका चुलीवर दहा-बारा माणसांचे रांधले जाते अशा घरात लाल खुणेचे कार्ड आले की पडणाऱ्या शंका बहुधा ‘चर्चला हे चालेल का?’ अशा रूपात येतात. चर्चच्या नियमांत सवलत फार पूर्वीपासून आहे. ती घरात मिळेपर्यंत उशीर होतो.

शंका : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवशी गरोदर स्त्रीने उपवास धरावा का? निदान धर्मगुरूंची परवानगी तरी घ्यावी का?

उपवास धरू नये, आणि परवानगीची गरज नाही. चर्चच्या कायद्यानुसार वर्षातून हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत तो लागू असतो आणि त्यातही एक पूर्ण जेवण व दोन वेळा थोडे खाणे चालते. गरोदर व अंगावर पाजणारी स्त्री यातून मोकळी आहे, ही नीतिशास्त्राची जुनी, सर्वमान्य शिकवण आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या गर्भवतीने जेवण चुकवले तर साखर एकदम उतरून ती बेशुद्ध पडू शकते. तिने असा उपवास धरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

मांसाहार वर्ज्य असण्याच्या नियमात मासळी येत नाही, त्यामुळे दर्यावर जगणाऱ्या घरात ही अडचण मुळातच कमी. पण रक्त कमी असलेल्या मातेला डॉक्टरांनी अंडी, मटण, कलेजी सुचवले असेल तर प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस घरात ‘आपल्याकडे चालत नाही’ म्हणून तिच्या ताटातून ते काढून घेऊ नये. प्रायश्चित्तच करायचे तर ते घरातल्या धडधाकट माणसांनी करावे.

शंका : रविवारची मिस्सा चुकते. ते पाप ठरते का?

नाही. आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल अशा गंभीर कारणाने रविवारचे बंधन सुटते, असे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. आजारी व्यक्तीसाठी ख्रिस्तप्रसाद घरी आणता येतो, त्यासाठी धर्मगुरूंना कळवावे. प्रसादापूर्वी एक तास काही न खाण्याचा नियम आजाऱ्याला लागू नाही आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही नाही. पाणी आणि औषध यांनी तो उपवास कोणाचाच मोडत नाही. म्हणून सकाळची बीपीची गोळी मिस्सेनंतर घेण्याची सवय सोडून द्यावी.

शंका : डॉक्टरांनी ‘आराम करा’ म्हटले आहे. घरात चार मुले, सासू-सासरे, दीर. पडून राहणे म्हणजे कर्तव्याला पाठ दाखवणे नव्हे का?

आधी ‘आराम’ म्हणजे काय ते डॉक्टरांना नेमके विचारून घ्यावे. आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहिल्याने अकाली प्रसूती टळते असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. बहुतेक वेळा सांगायचे असते ते एवढेच : हंडे उचलू नका, पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊ नका, तासन्‌तास उभ्याने मासळी साफ करू नका, दुपारी कुशीवर झोपा. जिना चालेल का, लोकल बसचा प्रवास चालेल का, पतिपत्नींचा संबंध चालेल का, हे प्रश्न लाजून गिळू नयेत. वार खाली असेल तर संबंध पूर्ण बंद ठेवावा लागतो. त्या काळात पतीने स्वतःला आवरणे हा विवाहातल्या वचनाचाच भाग आहे. पत्नीकडून काही राहून गेले असा त्याचा अर्थ होत नाही.

कर्तव्याची चर्चा करायची तर लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय समोर ठेवावा. अलीशिबा म्हातारपणी गरोदर राहिली. आजच्या मापाने तिच्या कार्डावर लाल खूणच पडली असती. मरिया डोंगराळ मुलखातून तिच्याकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. या भेटीचा सण ३१ मे रोजी साजरा होतो, त्याची चित्रे घरोघरी आहेत. त्या तीन महिन्यांत घरात काय काम झाले असेल याचा विचार मात्र क्वचितच होतो.

भरल्या घरात काम वाटण्याची एक ठरलेली चूक आहे. आईचे सगळे ओझे अकरा-बारा वर्षांच्या थोरल्या मुलीवर येते. भाकरी, धाकट्यांची आंघोळ, पाणी भरणे सगळे तिच्याकडे, आणि बघता बघता तिची शाळा बुडते. हे अन्यायाचे आहे. तिच्या बरोबरीचा किंवा मोठा भाऊ पाणी भरू शकतो, दीर मुलांना शाळेत सोडू शकतो, सासरे ताट उचलू शकतात. वाडीतल्या सात घरांनी आठवड्यातला एकेक दिवस वाटून घेतला आणि संध्याकाळचे कालवण-भात पोचवले तर घर तग धरते. हे ठरवण्याची योग्य जागा जपमाळेसाठी जमलेले शेजारी हीच आहे.

शंका : सासूबाईंनी नवस बोलला आहे की सून वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत अनवाणी चढून मेणाचे बाळ वाहील. न गेल्यास बाळाला बाधेल का?

बाधणार नाही. चर्चच्या कायद्यात नवस स्वभावतःच फक्त बोलणाऱ्याला बांधतो. सासूचा नवस सुनेवर येत नाही. तो सासूबाईंनी स्वतः फेडावा. स्वतः बोललेला नवसही तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत बदलण्याची मुभा बोलणाऱ्यालाच आहे. योग्य कारण असेल तर धर्मगुरू त्यातून मोकळे करू शकतात. माउंट मेरीचा सण ८ सप्टेंबरचा. त्या गर्दीत, अनवाणी, आठव्या महिन्यात चढण चढावी अशी कोणत्याही मातेची अपेक्षा नसते, मरियामातेची तर नाहीच. देव नवस चुकल्याचा सूड बाळावर उगवतो ही कल्पना ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही.

शंका : देवावर पूर्ण भरवसा असेल तर सोनोग्राफी, इंजेक्शने, मुंबईची धावपळ कशाला? संत जियान्नाने बाळासाठी प्राण दिलाच ना?

संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला यांची कथा अनेकदा अर्धीच सांगितली जाते. त्या स्वतः डॉक्टर होत्या. चौथ्या मुलाच्या वेळी दुसऱ्या महिन्यात गर्भाशयात गाठ सापडली तेव्हा त्यांनी उपचार नाकारले नाहीत. बाळ वाचेल अशी, फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी करून घेतली. २१ एप्रिल १९६२ ला मुलगी जन्मली आणि आठवड्याने जंतुसंसर्गाने त्या गेल्या. २००४ मध्ये त्या संत घोषित झाल्या. त्यांनी स्वतः होऊन पत्करलेला धोका दुसऱ्या कोणा स्त्रीवर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी लादायचा नसतो.

गर्भपात हाच हेतू असलेली कृती चर्चला मान्य नाही. मातेच्या गंभीर आजारावरचा आवश्यक उपचार मात्र बाळ दगावण्याची शक्यता दिसत असली तरी घेता येतो. हा फरक कळायला उशीर झाला तर जीव जातो. बेळगावच्या सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये सतराव्या आठवड्यात पाणी गेल्यावर जंतुसंसर्गाने वारल्या. त्यानंतर त्या देशाने कायदा बदलला. भारतात १९७१ च्या कायद्यानुसार, २०२१ च्या दुरुस्तीसह, अशा निर्णयात संमती त्या सज्ञान स्त्रीचीच लागते.

असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर जपमाळ पुरी होण्याचीही वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. उरलेली जपमाळ गाडीत म्हणता येते. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे मुंबईला पाठवले तर पावसाळ्यात मांडवा-गेटवे लाँच बंद असतात, म्हणजे पेण-पनवेलचा रस्ता. हा हिशेब, रक्तगट आणि रक्त देऊ शकणाऱ्या दोन-तीन नातेवाइकांची नावे सातव्या महिन्यातच लिहून ठेवावीत.

अवस्था गंभीर असेल किंवा मोठी शस्त्रक्रिया होणार असेल तर आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार मागता येतो. तो मरणाऱ्यांसाठीच असतो असे समजून भिऊ नये.

शंका : यानंतर पुन्हा दिवस राहिले तर जीव जाईल असे डॉक्टर म्हणतात. ‘देव देईल तेवढी’ असे म्हणणाऱ्या घरात काय करावे?

पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या पत्रात जबाबदार पालकत्वाचा अर्थ सांगितला आहे : गंभीर शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारण असेल तर काही काळ किंवा अनिश्चित काळ मूल न होऊ देण्याचा निर्णय पतिपत्नींनी घ्यावा. मार्ग नैसर्गिक असावा, ही त्याच पत्रातली अट. जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना पोप फ्रान्सिस यांनी सात सिझरनंतर आठव्यांदा गरोदर राहिलेल्या एका स्त्रीचे उदाहरण देऊन याला बेजबाबदारपणा म्हटले होते.

नैसर्गिक पद्धत अंगावर पाजण्याच्या काळात, पाळी अनियमित असताना, अवघड जाते. ती शिकवणाऱ्या जाणत्या व्यक्तीकडून दोघांनी मिळून शिकावी. नुसत्या तारखा मोजून भागत नाही. सिझरच्या वेळीच नसबंदी करण्याबद्दल विचारले जाते. थेट नसबंदी चर्चच्या शिकवणीत बसत नाही. पण गर्भाशय आता गर्भ पोसूच शकत नाही अशी तज्ज्ञांची खात्री असेल तर ते काढणे नसबंदी ठरत नाही, असा खुलासा रोमने डिसेंबर २०१८ मध्ये केला. स्वतःची परिस्थिती यांपैकी कुठे बसते हे डॉक्टर आणि धर्मगुरू दोघांशी बोलून, टेबलावर जाण्याआधी ठरवावे. या बोलण्यात सासू-नणंदांना जागा नाही.

शंका : बाळ वेळेआधी जन्मले, काचेच्या पेटीत आहे, धर्मगुरू पोचेपर्यंत वाचेल याचा भरवसा नाही. बाप्तिस्मा कोणी द्यावा?

गरजेच्या वेळी कोणीही देऊ शकतो : वडील, आजी, आणि चर्च जे करते तेच करण्याचा हेतू असेल तर हिंदू किंवा मुसलमान परिचारिकासुद्धा. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी वाहू द्यायचे आणि त्याच वेळी म्हणायचे, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ कमी दिवसांच्या बाळासाठी निर्जंतुक पाणी वापरावे, थेंब पुरतात, पण ते त्वचेवरून वाहिले पाहिजेत. देणारी म्हणाली तर ‘देते’. मात्र ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हणू नये. सारे कुटुंब मिळून देत आहे अशा भावनेने तसे म्हटले जाते, पण ‘आम्ही’ म्हणून दिलेला बाप्तिस्मा वैध नाही, असे रोमने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. नाव ठरलेले नसले, धर्मपालक हजर नसले तरी अडत नाही. नंतर धर्मगुरूंना दिवस, वेळ आणि साक्षीदार सांगून नोंद करून घ्यावी. बाळ वाचले तर चर्चमध्ये उरलेले विधी होतात, पाणी पुन्हा घालत नाहीत.

बाळ आधीच गेले असेल तर बाप्तिस्मा देत नाहीत. म्हणून ते देवाला दुरावले असे नाही. चर्च अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते आणि २००७ मध्ये रोमच्या धर्मशास्त्र आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार असल्याचे मांडले. बाप्तिस्म्याची इच्छा पालकांची होती तर बिशपांच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधीही होऊ शकतो. तो मागावा. रात्री कोणाला न सांगता पुरून टाकण्याची रीत आईला आयुष्यभर छळते.

शंका : बाळ सुखरूप आहे. आई अजून उठत नाही. बाप्तिस्मा तिच्याविना उरकावा का?

कायदा ‘पहिल्या काही आठवड्यांत’ म्हणतो, नेमका दिवस ठरवत नाही. पूर्वी दोन-चार दिवसांत आजी किंवा धर्ममाता बाळाला घेऊन चर्चमध्ये जाई आणि आई घरीच राही. १९६९ च्या नव्या विधीत तारीख ठरवताना आईची प्रकृती पाहावी, म्हणजे तिलाही हजर राहता येईल, अशी सूचना आहे. विधीच्या शेवटी आईसाठी वेगळा आशीर्वाद आहे. सिझरची जखम भरून ती पायऱ्या चढू शकेपर्यंत थांबावे. मुंबईच्या पाहुण्यांची सोय त्यानंतर पाहावी.