मामा, भाचीचं दप्तर कुठंय?

पालकसभेला तुम्ही आला नाहीत, सेकंड शिफ्ट होती म्हणून कळवलंत. तेव्हा सांगायचं ते लिहूनच देते. वाचा, आणि मुलाच्या आईलाही वाचायला लावा.

तुमचा मुलगा पहिलीत माझ्या वर्गात आहे. दिवाळीपर्यंत त्याच्या काना-मात्रेचा पत्ता नव्हता. मग अचानक वहीतली अक्षरं रेघेवर बसायला लागली. "कोण रे अभ्यास घेतं?" म्हटलं, तर म्हणाला, "ताई." ती ताई रोज शाळा सुटताना फाटकाशी येते. कडेवर तुमचं दहा महिन्यांचं बाळ, खांद्याला दुधाच्या बाटलीची पिशवी. परवा बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेत तिनं मला विचारलं, "बाई, तुमच्याकडं सातवीला परिमेय संख्या झाल्या का?"

13 वर्षांची मुलगी. बीड जिल्ह्यातून तुम्ही तिला बाळ सांभाळायला कुरुळीत आणलीत आणि शाळेत नाव घालायचं तुम्हाला सुचलं नाही? मुलाला सोडायला रोज याच फाटकाशी येता ना तुम्ही!

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. बहीण-मेहुणे ऊसतोडीला कोयत्यावर गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, मग पोरीला ठेवायची कुठं? तुम्ही तिला उसाच्या फडापासून वाचवलंत, हे मी मान्य करते आणि त्याबद्दल तुम्हाला चांगलंच म्हणते. फडावर गेलेल्या आणि गावात एकट्या राहिलेल्या मुलींचं काय होतं, तेरा-चौदाव्या वर्षी त्यांची लग्नं कशी उरकली जातात, हे मला सांगायला नको. पण फडावरून उचलून खोलीत कोंडलीत, तर पोरीचं वर्ष बुडायचं ते बुडलंच. सहा महिन्यांनी बहीण परत येईल, तेव्हा मुलगी तिच्या हाती काय शिकवून देणार आहात?

"घरचीच मुलगी आहे, कामाला थोडीच ठेवलीय," असं तुम्ही शेजारच्यांना सांगता. मग कायदा काय म्हणतो तेही ऐका. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलानं घरच्यांना हातभार लावला तर चालतो, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि शिक्षणात खंड न पडता. आणि 'कुटुंब' कुणाला म्हणायचं, तेही त्या कायद्यात सांगितलं आहे. त्यात आईचा भाऊ आहे. म्हणजे तुम्ही. कायद्यानं तुम्हाला घरचा मानलं ते शाळेनंतरच्या वेळापुरतं. सकाळी सहापासून रात्री बाळ झोपेपर्यंत तिला राबवायची मुभा मामालाही नाही.

परक्या देशांतसुद्धा याचे नियम आहेत. मुलं सांभाळायला बाहेरच्या देशातून तरुण मुली अमेरिकेत नेतात, त्यांना ऑ पेअर म्हणतात. 18 वर्षांखालची मुलगी त्यात चालत नाही, आठवड्याला 45 तासांच्या वर काम देता येत नाही, आणि तिच्या शिक्षणासाठी त्या घराला पैसे मोजावे लागतात. तिथं राहणारी आपली माणसंही बाळंतपणाला आईला बोलावतात. पण ती आई संसार उरकून, स्वतःच्या मर्जीनं विमानात बसलेली असते. तुमच्या भाचीला कुणी विचारलं होतं?

हे दुखणं आजचं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. पुढं त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत हेच पाहिलं: धाकट्याला सांभाळायला थोरली घरी, म्हणून थोरली शाळेला मुकलेली. त्यांनी थोरलीला दोष दिला नाही, आईबापांवर ढकलून हात झटकले नाहीत. त्यांच्या विकासवाडी प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटं पाळण्यात, थोरली वर्गात. डहाणूच्या जंगलपट्टीत, हाताशी काही नसताना हे झालं. आणि इथं निघोज्यापासून महाळुंग्यापर्यंत गाड्यांचे कारखाने उभे असताना एका बाळासाठी एका मुलीची सातवी जावी?

बाळाचं काय करायचं, हा प्रश्न खरा आहे. अंगणवाडीतली बालवाडी तीन वर्षांपुढची. त्याआधीच्या बाळाला दिवसभर ठेवायला या पट्ट्यात जागा मिळणं कठीण, आणि पाळणाघराची फी कॉन्ट्रॅक्टवरच्या पगारातून निघत नाही. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली तरतूद झाली की 50 वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाता यावं. बाळाच्या आई पॅकिंगला जातात तिथं किती माणसं आहेत? त्यांनी कधी विचारलं? एकटीनं विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, ही भीती मला कळते. दहाजणींनी मिळून विचारा. तोवर तुम्ही फर्स्ट शिफ्ट मागून घ्या, बाळाच्या आईला सेकंड मिळते का बघा. बाप म्हणून बाळाचे लंगोट बदलायला तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही. तुमच्याच चाळीत तान्ही मुलं असलेली आणखी घरं आहेत. चार घरांनी मिळून एका मावशीचा पगार काढा. हे सगळं कटकटीचं आहे. भाचीला राबवणं सोपं पडलं, म्हणून तुम्ही ते केलंत.

लग्नात भाचीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तो मान तुम्हाला हवा असेल तर आत्ता उभे राहा.

आता "गावाकडून दाखला आणला नाही" हे कारण मला सांगू नका. शिक्षण हक्क कायद्यानं 2010 पासून दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे ती सातवीतच बसेल. पुस्तकं फुकट मिळतील, दुपारचं जेवण शाळेत मिळेल. पुढच्या हंगामाचा विचारही आत्ताच करा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना 2021 मध्ये झाली आहे. बहिणीला फोन करून तिच्या तालुक्यात चौकशी करायला सांगा. तिला जमत नसेल तर नंबर मला द्या, मी बोलते.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी तिला घेऊन या. आधार कार्ड असलं तर आणा, नसलं तरी या. बाळाला ठेवायची सोय तोवर झाली नसेल, तर रजा तुम्ही टाका, तिची शाळा बुडवू नका. सोमवारी ती वर्गात दिसली नाही, तर संध्याकाळी मी शाळा व्यवस्थापन समितीच्या लोकांना घेऊन तुमच्या दारात उभी असेन.