निकाल ठरलेला असताना

मतदानाच्या आदल्या आठवड्यात पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: निवडून येणार नाही त्याला कशाला मत देता, फुकट जाईल. सल्ला देणारे मनापासून देतात, पण त्यामागचा हिशेब मला पटत नाही.

2019 ची पुणे लोकसभा घ्या. भाजपचे गिरीश बापट सव्वातीन लाखांच्या आसपास मताधिक्याने निवडून आले. काँग्रेसचे मोहन जोशी दुसरे, वंचित बहुजन आघाडीचे अनिल जाधव तिसरे. जाधवांची मतं साधारण 65 हजार. ती सगळीच्या सगळी जोशींच्या पारड्यात पडली असती तरी बापटच खासदार झाले असते. निकाल बदलला नाही म्हणून मत वाया गेलं म्हणायचं, तर जोशींचीही लाखो मतं वाया गेली आणि बापटांची गरजेपेक्षा जास्तीची मतंही. मग बोल एकट्या जाधवांच्या मतदाराला का?

त्याच वर्षी सोलापुरात मात्र हा युक्तिवाद चालत नाही. तिथे सुशीलकुमार शिंदे सुमारे 1 लाख 58 हजारांनी पडले आणि वंचितच्या प्रकाश आंबेडकरांना 1 लाख 70 हजार मतं मिळाली. पक्ष तोच, वर्ष तेच, पण तिसऱ्याला मत देण्याची जोखीम अगदी वेगळी. म्हणून आधी आपल्या मतदारसंघातला मागच्या वेळचा फरक पाहावा. लढत अटीतटीची असेल तर दोघांतला त्यातल्या त्यात बरा निवडण्यात काही गैर नाही. एकतर्फी असेल, तर मनातल्या उमेदवाराला मत द्यायला कसली आडकाठी?

खरं नुकसान घरी बसणारे करतात. 2019 मध्ये पुण्यात निम्म्याहूनही कमी मतदान झालं. निकाल ठरलेलाच आहे, मग कशाला रांगेत उभं राहायचं, हे कारण तेव्हाही ऐकलं होतं. घरी न बसता ‘नोटा’ दाबला तर तो मोजला जातो हे खरं, पण त्यामागे पुढच्या पाच वर्षांत दारात येणारा माणूस नसतो.

तिसऱ्या उमेदवाराच्या मतामागे असा माणूस असतो. पुण्यातल्या कसबा विधानसभा मतदारसंघात 2009 साली रवींद्र धंगेकर मनसेकडून बापटांविरुद्ध उभे राहिले. मनसे तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांचा पक्ष. धंगेकर हरले, पण काँग्रेसला मागे टाकून दुसरे आले. 2014 मध्ये पुन्हा हरले, या वेळी तिसऱ्या क्रमांकावर. 2023 च्या पोटनिवडणुकीत तेच काँग्रेसकडून जिंकले आणि 1995 पासून भाजपकडे असलेली जागा हातची गेली. महाविकास आघाडी एकत्र होती, हे त्यातलं मोठं कारण आहेच. पण दोन पराभवांत मिळालेल्या मतांशिवाय हा माणूस त्या तिकिटापर्यंत पोचला असता, असं मला वाटत नाही.

हरलेल्या मतांचा आणखी एक उपयोग असतो. मतमोजणीनंतर केंद्रवार मतांचा तक्ता, ‘फॉर्म 20’, प्रसिद्ध होतो. आडव्या ओळीत मतदान केंद्राचा क्रमांक, उभ्या रकान्यांत एकेक उमेदवार, शेवटी नोटा आणि एकूण. लहान पक्षाचे कार्यकर्ते हा तक्ता बोट ठेवून वाचतात. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं न मिळाल्यामुळे लोकसभेला खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराचे 25 हजार रुपये अनामत जप्त झालेले असतात, तरी कुठल्या शाळेतल्या कुठल्या खोलीत आपली माणसं आहेत ते त्यात दिसतं. महापालिकेला कोणत्या प्रभागात उभं राहायचं, ते तिथून ठरतं. आणि प्रभागात काही शे मतांनीही नगरसेवक ठरतो.